वाक्याशिवाय शब्दाची जात विचारू नका

संपादक महोदय,

दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांत आणि बाजारातल्या गाईडांत अजूनही असा प्रश्न दिसतो: 'फास्ट, राउंड, वेल यांच्या शब्दजाती लिहा.' वाक्य नाही, नुसते शब्द. अशा प्रश्नाला उत्तरच नसते. 'फास्ट ट्रेन'मधला फास्ट विशेषण, 'रन फास्ट'मधला क्रियाविशेषण, आणि उपवास या अर्थाने तोच नाम. इंग्रजीत शब्दाला जातीचा कायमचा दाखला मिळत नाही. वाक्यात जे काम, ती जात.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे जड जाते, कारण त्यांना खुणा शब्दाच्या शेपटीला शोधायची सवय. 'शेतकऱ्याने', 'शेतकऱ्याला' म्हटले की नाम लगेच कळते. कन्नडातही प्रत्यय मागेच लागतो: आपले 'बेळगावला', त्यांचे 'बेळगाविगे'. इंग्रजीतला 'टू' मात्र सुटा आणि नामाच्या आधी. त्यात कन्नड व्याकरण नामपद, क्रियापद, अव्यय असे तीनच मोठे गट करते आणि सर्वनामालाही नामपदातच बसवते. मराठीच्या आठ जाती इंग्रजीशी जुळतात खऱ्या, पण नावे जुळली म्हणून ओळखण्याची रीत जुळत नाही.

सुरुवात क्रियापदापासून करावी. वाक्यात 'येस्टरडे' घालायचे. ज्या शब्दाचे रूप बदलते ते क्रियापद. निपाणीकडच्या मुलांना 'फार्मर्स प्लँट टोबॅको' हे वाक्य द्या: 'प्लँट'चे 'प्लँटेड' होते. 'द टोबॅको प्लँट इज टॉल'मध्ये 'इज'चे 'वॉज' होते, 'प्लँट' जागचा हलत नाही. तो नाम, अनेकवचनाचा 'एस' लावून खात्री करावी. 'कट', 'पुट' भूतकाळातही तसेच राहतात, तिथे 'टुमारो' घालून 'विल' कोणाआधी बसते ते पाहावे. 'द टोबॅको प्लँट'मधला 'टोबॅको' मुले विशेषण म्हणून लिहितात. खरे तर तो नामच, दुसऱ्या नामाला चिकटलेला. पण शालेय पातळीवर यासाठी गुण कापू नयेत, असे आमचे मत.

'शेवटी एल-वाय म्हणजे क्रियाविशेषण' हे पाठांतर तर बंदच करावे. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली' ही विशेषणे आहेत. उलट 'वर्क हार्ड'मधला 'हार्ड' शेपटीविनाच क्रियाविशेषण, आणि 'हार्डली' म्हटले की अर्थ 'जेमतेम' होऊन बसतो.

सर्वांत जास्त गुण जातात ते 'बिफोर'सारख्या शब्दांवर. त्याच्या पुढे काय आले एवढेच पाहायचे. 'बिफोर लंच': पुढे नुसते नाम, म्हणून शब्दयोगी. 'बिफोर ही केम': पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणून उभयान्वयी. 'आय हॅव सीन इट बिफोर': पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. 'आफ्टर' आणि 'सिन्स' यांनाही हीच कसोटी लागते.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती, की शब्द पूर्ण वाक्यात अधोरेखित करून द्यावा. त्यातही एकच शब्द दोन वाक्यांत दिला, 'द वेल इज डीप' आणि 'शी सिंग्ज वेल', तर कोणी समजून लिहिले आणि कोणी घोकून, हे तपासणाऱ्याला तिथेच दिसेल.

— इंग्रजी विषयाचे शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)