भाई, माझी चिडचिड झेललीत म्हणून

आदरणीय भाई,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय पावसावर नेता, नाहीतर कुळागरातल्या माकडांवर. म्हणून माझी सिगारेट सोडवून मला व्हेपवर, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगारेटीवर, आणलंत त्याबद्दल हे उघडं पत्र. वाचताना वहिनी शेजारी असतील, त्यामुळे विषय बदलायची सोय नाही. शिवाय इथे विलायतेत, स्विंडनला, आपल्या गोव्याची पोरं थोडीथोडकी नाहीत, आणि त्यातली बरीच शिफ्ट संपली की शेडखाली पेटवून उभी असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या वाचनात आलं तर बरंच.

सिगारेट सोड असं सांगणाऱ्यांची मला कधीच वानवा नव्हती. आईने सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, पाकिटावरच्या भयाण चित्राने तर रोज सांगितलं. तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटवतोस? चहाच्या आधी की नंतर?" आधी, म्हटल्यावर म्हणालात, "मग कमी ताकदीचं घेऊन उपयोग नाही. दुकानात व्हेपमध्ये भरायचं २० मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट लिक्विड माग. तिथे कायद्याने त्याहून जास्त ताकदीचं विकतच नाहीत. तीनचं नाहीतर सहाचं घेशील, दिवसभर ओढत बसशील आणि संध्याकाळी पुन्हा पाकीट आणशील." बस्स. फुफ्फुसांचं नाव नाही, बायकोमुलांची आण नाही. जहाजावर असताना तुम्ही स्वतः पाकिटांवर पाकिटं संपवली होती आणि पुढे स्विंडनच्या मुक्कामात व्हेपवरून ती सोडवली होती, हे ठाऊक होतं म्हणूनच तुम्हाला विचारायचा धीर झाला. नाहीतर डिचोलीच्या थोरल्या माणसासमोर असल्या गोष्टी कोण काढतो?

व्हेप घेतलं की सुटलो, असं दुकानातला पोरगा बोलला होता. पहिल्या झुरक्याला जो ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं तंबाखूचा धूर गिळलेला माणूस मी, आणि या वाफेने खोकतो म्हणजे काय! सोबतचे हसले ते वेगळंच. तुम्हाला व्हॉइस मेसेज टाकला तो जवळजवळ शिव्यांचाच होता. तुमचं उत्तर अजून फोनमध्ये आहे. माझ्याकडे रात्रपाळीचा दोनचा ब्रेक, तुमच्याकडे सकाळचे साडेसहा, आणि मागे पोदेराचा, आपल्या पाववाल्याचा, भोंपू वाजतोय. "सिगारेटीचा झुरका आखूड आणि जोरात असतो. इथे तसं चालत नाही. पेज पितोस ना, तशी ओढ. सावकाश. आधी तोंडात घे, मग आत. आणि दोन झुरके झाले की पाच मिनिटं थांब. सिगारेटीसारखं हे चटकन डोक्यात पोचत नाही. तलफ गेली की नाही ते पाच मिनिटांनी ठरव." बोलता बोलता तुम्ही पोदेराला "चार उंडे" म्हणालात, तेही त्यात आलंय.

ठसका आठवड्याभरात गेला. मग यंत्र रुसलं.

हे कोणी आधी सांगत नाही की सिगारेटीला देखभाल नसते. काडी ओढली, पेटवली, विझवली, संपलं. इथे चार्जिंग आहे, पॉड (लिक्विडची डबी) गळतं, खिशात चिकट होतं, थंडीत लिक्विड घट्ट होतं. नवी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, घातली आणि लगेच ओढलं तर घशात जळक्या कापसाची अशी काही चव बसते की नंतर दोन तास काही खाववत नाही. त्या रात्री ते यंत्र मी कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या बेतात होतो, आणि डब्याच्या शेजारीच सिगारेटवाला सहकारी उभा होता, पाकीट पुढे करून. तुम्ही व्हिडिओ कॉल लावायला लावलात. कॉइल हातात धरायला सांगितलीत, बाजूची बारीक भोकं दाखवलीत, आत दिसतो तो पांढरा कापूस. "त्या भोकांवर एकेक थेंब सोड. कापूस भिजून करडा दिसला पाहिजे. मग बसव, टाकी भर, आणि दहा मिनिटं हात लावू नको." कापूस कोरडा राहिला तर तार त्यालाच जाळते, ही साधी गोष्ट. ते केक-कस्टर्डचे गोड फ्लेवर कॉइलवर काळं किटण चढवतात आणि ती लवकर जाते, हेही तुमच्याकडूनच कळलं. दुकानदार कशाला सांगेल, त्याची कॉइल खपते.

फ्लेवरवरून आठवलं. मँगो म्हणून एक बाटली घेतली होती. मानकुराद सोडाच, बाजारच्या डब्यातल्या रसालाही लाज वाटेल असला तो आंबा. तंबाखू फ्लेवर त्याहून वाईट, ना तंबाखू ना काही, सिगारेटीची आठवण मात्र रोज करून द्यायची. शेवटी पुदिन्यावर टिकलो. तुम्ही म्हणाला होतात, "सिगारेटीची चव शोधू नको, सापडायची नाही. वेगळंच काहीतरी धर."

पण खरा त्रास चवीचा नव्हता, भाई, आणि तो तुम्ही मी सांगायच्या आधीच ओळखलात. सिगारेट आपोआप संपते. पाच-सात मिनिटांत बोटांना चटका बसायला लागतो आणि आपण उठतो. व्हेप संपतच नाही. सोफ्यावर, टीव्हीसमोर, फोनवर बोलताना, हात सारखा तोंडाकडे. बायको म्हणाली, पूर्वी निदान बाहेर तरी जायचास. तुम्ही नियम घालून दिलात: यंत्र जॅकेटच्या खिशात, जॅकेट दाराजवळच्या खुंटीला, आणि ओढायचं ते बाहेर जाऊनच, पाऊस असो नाहीतर बर्फ. विलायतेच्या जानेवारीत हा नियम पाळताना तुमच्या नावाने बोटं मोडलीत, खोटं कशाला बोलू. पण ओढणं जे खाली आलं ते त्यानेच.

चहाचं तर मला कधी सुचलंच नसतं. सिगारेट बंद झाल्यावर छातीत धडधड, झोप नाही, उगाच अंगावर येणं. मला वाटलं निकोटीन जास्त झालं. तुम्ही विचारलंत, "चहा-कॉफी किती?" सिगारेटीच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो, आणि हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही, म्हणून व्हेपवर गेलेल्यालाही तोच अनुभव येतो. चहा निम्म्यावर आणला आणि झोप लागायला लागली. ही एक गोष्ट कळली नसती तर मी परत पाकिटाकडे गेलो असतो याची मला खात्री आहे, कारण पाकिटावर असताना मला झोप लागायची, आणि माणूस तेवढंच लक्षात ठेवतो.

एका बाबतीत मात्र तुम्ही कडक झालात. मी सकाळची एक ठेवली होती, बाकी सगळं व्हेपवर. मला तो मोठा पराक्रम वाटत होता. तुम्ही म्हणालात, "हृदय असा हिशेब करत नाही." दिवसाला वीसवरून एकावर आलं म्हणून हृदयाचा जादा धोका एक विसांश होत नाही, तो निम्म्याच्या आसपास राहतो. तुमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच चढला. "दोन्ही डगरींवर हात ठेवायचा असेल तर मला फोन करू नको." ती सकाळची सुटायला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तिच्या जागी काय ठेवायचं ते तुम्हाला आयतं ठाऊक होतं: उठल्या उठल्या व्हेप, मग आंघोळ, चहा त्यानंतर. क्रम मोडायचा, म्हणालात. माझं डोकं सकाळी बधिर असतं, क्रम मोडला की त्याला सिगारेट आठवतच नाही.

गणपतीच्या चवथीला गोव्यात घरी यायचं ठरलं तेव्हाही तुमचा फोन आधी आला, तिकिटापेक्षा आधी. "यंत्र तिथेच ठेवून ये." सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला, तेव्हापासून आपल्याकडे ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, तिची जाहिरात करणं आणि साठा करणं, सगळ्याला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. मोपाच्या विमानतळावरून गावी पोचेपर्यंत रस्त्याला प्रत्येक गाड्यावर सुटी सिगारेट मिळते, आणि जिने माझी सिगारेट सुटली ती वस्तू बॅगेत असली तर मी गुन्हेगार! तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात की ज्यांनी कधी सिगारेटीला हात लावला नाही ती कॉलेजची पोरं पणजीत रंगीबेरंगी कांड्या घेऊन फिरताना दिसतात, त्यांच्याकडे बघितलं की बंदी का आणली ते तुम्हाला कळतं, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांकडे बघितलं की कळत नाही. विलायतेतही १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आलीच. सिगारेट न ओढणाऱ्याने हे हातात घेऊ नये, यावर तुमचं-माझं एकमत आहे.

तर यंत्र स्विंडनला, मी इथे, आणि खिशात फार्मसीतून घेतलेला निकोटीनचा गम. पहिल्या दिवशी तो च्युइंगगमसारखा चघळला आणि उचक्या सुरू. तुम्ही सांगितलंत, चार-सहा वेळा चाव, जीभ चुरचुरली की गालात ठेवून दे, चुरचुर गेली की पुन्हा चाव. आंबट पिण्याने आणि चहा-कॉफीने तोंडातलं निकोटीन नीट शोषलं जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही घ्यायचं नाही. आता चवथीच्या घरात हे पाळून दाखवा! या घरी चहा, त्या घरी सोलकढी, तिसऱ्या घरी कोकम सरबत, आणि नाही म्हटलं तर यजमानांचा चेहरा पडतो. मी सरळ सांगायला लागलो, डॉक्टरांनी वेळ लावून दिलाय. तुम्ही डॉक्टर नाही, पण सध्या तुमच्या नावावर ही पदवी खपतेय.

घुमट आरतीला, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवत म्हणायच्या आरतीला, मात्र पंचाईत झाली. गालात गम ठेवून वरचा सूर लागत नाही. काढून ठेवला कागदात, आरती म्हटली, आणि नंतर नेहमीप्रमाणे सगळे गोठ्यामागे गेले. मीही गेलो. चुलतभावाने सवयीने पाकीट पुढे केलं, मी नको म्हटलं, त्याने दुसऱ्याकडे केलं. गप्पा चालू राहिल्या. मला वाटलं होतं कोणीतरी काहीतरी बोलेल, पण कोणाला पडलेली नव्हती, सगळे घुमटावरचं कातडं सैल पडलंय यावरच बोलत होते. सिगारेट सोडली की ही संगतही सुटते, अशी मला धास्ती होती. स्विंडनच्या शेडखाली ती सुटलीच, तिथल्या लोकांकडे बोलायला सिगारेटीशिवाय काही नव्हतं. इथे तसं झालं नाही.

माझं पूर्ण सुटलं असं मी म्हणत नाही. २० मिलिग्रॅमवरून १० वर आलोय, परत गेल्यावर ६ चा विचार आहे, आणि तुमच्या मते घाई करू नये. तुमचं म्हणणं मी ऐकणार. वहिनींचेही आभार, पहाटेचे माझे फोन त्यांच्याही झोपेत वाजले असतील.

एक राहिलं. त्याच चुलतभावाने आरतीनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, तू कशी सोडलीस म्हणून. त्याला व्हेप सांगण्यात अर्थ नाही, इथे ते बेकायदा. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मी त्याला दाखवला, आणि तुमचाही दिला, न विचारता. तो दिवसाला एक पाकीट ओढतो, पहिली चहाच्या आधी. सकाळी सातच्या सुमारास फोन करील, तुम्ही पाव घ्यायला बाहेर असाल तेव्हा. जरा खेकसला तर मनावर घेऊ नका.

आपला,
सत्तरीचा धाकटा