दिन्या, ते मशीन आत्ताच ऑर्डर करू नकोस

देवगड, रविवार दुपार

प्रिय दिन्या,

तुझा मेसेज बघितला, लिंक पण उघडली. १६ हजारात सेकंडहँड सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, "फक्त सहा महिने वापरलेलं", आणि फोटोत कोणाच्यातरी देवघराला टेकवून ठेवलेलं मशीन. फोनवरच बोललो असतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि इथे सकाळपासून धो धो पाऊस, बागेत जायचं काम नाही, म्हणून म्हटलं बसून सगळं लिहूनच काढू. वाचून होईपर्यंत पैसे तेवढे भरू नकोस.

माझा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार, कसा कळला ते तुला अर्धवटच माहितीय. आंब्याच्या सीझनला इथे झोप कोणाची होते, मार्च ते मे सगळेच बागायतदार डोळे चोळत फिरतात, त्यामुळे मी दिवसा पेंगायचो त्याचं कोणालाच काही वाटलं नाही, मलापण नाही. एकदा पेट्या भरता भरता अढीवरच कलंडलो, गडी हसले, मीपण हसलो. पण एप्रिलमधे टेम्पो मी चालवत होतो, फोंडाघाट उतरताना डोळा लागला आणि टायर कठड्याला घासलं तेव्हा जाग आली. बाजूला भाचा. तो घरी काही बोलला नाही, मीच सांगितलं, आणि तेव्हा ही म्हणाली, "तुमी घोरतास ता एक, पण मधीच गप रवतास, त्याचा माका भ्या वाटता." इतकी वर्षं मला वाटायचं बायको घोरण्यामुळे कोपर मारते, ती बिचारी श्वास चालू व्हावा म्हणून मारत होती.

मग कोल्हापूरला दाखवलं. टेस्ट घरीच, बोटाला चिमटा, नाकात नळी, छातीला पट्टा, रात्रभर तसंच झोपायचं. रिपोर्टमधे एएचआय ४१ आला. म्हणजे झोपेत तासाला ४१ वेळा श्वास बंद पडतो किंवा अर्धवट होतो, आणि दर वेळी कमीत कमी १० सेकंद. दीड मिनिटाला एकदा पडतं बघ. ५ च्या आत असेल तर नॉर्मल, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली जात होता. तुझा आकडा तू लिहिलाच नाहीस, नुसतं "थोडं आहे म्हणाले". ८ पण थोडंच आणि २८ पण थोडंच वाटतं रे ऐकायला. आधी रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव.

आता माझी फजिती ऐक, ही मी कोणाला सांगितलेली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं ऑटो सीपॅप, म्हणजे हवेचा दाब गरजेप्रमाणे आपोआप कमीजास्त करणारं, प्रेशर ६ ते १४. मी हुशार, घरी येऊन ऑनलाईन बघितलं, एके ठिकाणी दुकानापेक्षा बरंच स्वस्त, टाकली ऑर्डर. चिठ्ठी कोणी मागितली नाही, रिपोर्ट कोणी विचारला नाही, मोबाईलचं कव्हर मागवावं इतकं सोपं. पार्सल काही वाडीपर्यंत आलं नाही, कुरियरवाल्याने कणकवलीला बोलावलं, गेलो, आणलं, रात्री लावलं. तर ते ऑटो नव्हतंच! नुसतं सीपॅप, एकाच प्रेशरला चालणारं, आणि ते प्रेशर ४ वर ठेवलेलं. ४ म्हणजे ही मशीनं जिथून सुरू होतात ते सगळ्यात खालचं, वर २० पर्यंत जातं. तोंडावर कोणी फुंकर मारतंय इतकंच वाटायचं. आठवडाभर ते लावून झोपलो आणि दिवसा पेंगतोच आहे. परत करायला गेलो तर म्हणे खोका उघडलाय, नाकातोंडाला लागणारी वस्तू, परत घेता येत नाही. चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी. पानावर "सीपॅप" लिहिलेलं होतं, मी "ऑटो" मनातल्या मनात वाचलं.

आमचा न्यू जर्सीचा आतेभाऊ हे ऐकून हसला. त्यांच्याकडे हे मशीन प्रिस्क्रिप्शनवरच मिळतं, ऑनलाईन घेतलं तरी डॉक्टरची चिठ्ठी अपलोड करावी लागते, मगच माल निघतो. एवढा कागद कशाला असं मला आधी वाटायचं. आता वाटतं त्या चिठ्ठीने माझे पैसे वाचले असते. आपल्याकडे कोणी मागो न मागो, तू आपणहून विकणाऱ्याला चिठ्ठीचा फोटो पाठव आणि लिहून घे की याच प्रकारचं मशीन, प्रेशर असंच सेट करून देणार. नुसता "हो सर, होऊन जाईल" चालणार नाही.

तुझ्या त्या सेकंडहँडचं बोलायचं तर मला ते बिलकुल नको वाटतं. जून २०२१ मधे फिलिप्सने आपली लाखो मशीनं परत मागवली होती, आवाज कमी करायला आत जो फोम बसवलेला असतो तो झिजून त्याचा भुगा श्वासात जायची भीती म्हणून. म्हणजे जुनं मशीन कुठल्या कंपनीचं, कुठल्या मॉडेलचं, सिरीयल नंबर काय, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. किती तास चाललंय ते मशीनच्या मेनूत दिसतं, त्याचा फोटो माग. तो माणूस टाळाटाळ करायला लागला की समज. आणि मालक बिडी ओढणारा होता का ते तर सिरीयल नंबरवरून पण कळणार नाही.

पण खरं सांगू, मशीन ही सोपी गोष्ट आहे, मला रडवलं ते मास्कने. कोल्हापूरचे डॉक्टर सांगत होते, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरने १९८१ साली हा उपाय जगासमोर आणला, आणि सुरुवातीची मशीनं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायची. आत तत्त्व तेवढंच आहे, झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते ती हवेच्या दाबाने उघडी ठेवायची. पण ती हवा मास्कच्या कडेने निसटली तर सगळं फुकट! मी ऑनलाईन मिडीयम मागवला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि माझ्या मिशा तुला माहितीयत. रात्रभर फुर्र फुर्र, हवा सरळ डोळ्यात. शेजारचा येऊन म्हणतो, "काय रे, मालवणाक स्कुबा करूक जातंस काय?"

शेवटी कोल्हापूरच्या दुकानात गेलो, ऑटो मशीन तिथूनच ४२ हजाराला घेतलं. त्या पोराने मला बाकावर आडवं पाडलं, प्रेशर चालू केलं आणि एकामागून एक तीन मास्क लावून कुशीवर वळायला लावलं. बसून फिट वाटणारा मास्क कुशीवर झालं की उचलला जातो, हे फोटोत कुठे दिसणार. तिसरा नुसता नाकाचा, लहान साईजचा, तो बसला. म्हणून तुला सांगतोय, मशीन हवं तर ऑनलाईन घे, नळी, फिल्टर तर ऑनलाईनच घे, पण पहिला मास्क पडून, लावून, मगच घे.

आपल्याकडच्या हवेचं पण एक आहे. मशीनला पाण्याचं भांडं असतं, हवा ओलसर करायला. पावसाळ्यात मी ते कोरडंच ठेवतो, इथली हवा काय कमी ओली आहे! पहिल्या जूनमधे पाणी घालून झोपलो तर नळीत पाणी साठून मधरात्री नाकात गुरगुरलं, बुडतोय असंच स्वप्न पडलं. थंडीत मात्र घालतो, डिस्टिल्ड, मेडिकलमधलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते नव्हे. आणि लाईट गेली तर गरम पाण्याचा भाग बंद केला की इन्व्हर्टरवर रात्र निघते, काल निघाली. फिल्टर उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघतो, जांभ्याची धूळ बसून विटकरी झालेला असतो. मास्क रोज धुवायचा आणि झाकून ठेवायचा, एकदा त्यात लाल मुंग्या निघाल्या होत्या, पुढचं विचारू नकोस.

आता माझा एएचआय ३ वर आहे, मशीनच रोज सकाळी दाखवतं. पहिला महिना मात्र वैताग येतो, अर्ध्या रात्री काढून फेकावंसं वाटतं, फेकलंही आहे. रात्रीची बाटली पण जरा आवर, त्याने घसा आणखी सैल पडतो, मला डॉक्टरांनी हेच सांगितलं आणि मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं.

तर रिपोर्ट पाठव, आणि गणपतीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून ये. आपण दोघं कोल्हापूरला जाऊ, तुला बाकावर पाडू. टेम्पो मी चालवीन, घाबरू नकोस. आणि येताना त्या बिनकामाच्या सीपॅपला कोण गिऱ्हाईक मिळतं का बघ, खोक्यासकट माळ्यावर पडून आहे. चिठ्ठी बघितल्याशिवाय मात्र देणार नाही.

तुझा,
बाबल्या