'उमेदवार उपलब्ध नाही' म्हणजे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात माजी सैनिकांच्या रोजगार मेळाव्याची बातमी वाचली. दीपप्रज्वलनाचा चार कॉलमी फोटो आणि खाली 'प्रशिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालणार' हे आश्वासन. हाच 'सांगड' शब्द मी पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हाही ऐकला होता. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी चहा झाल्यावर लगेच लिहायला बसलो आहे. कृपया पत्र न कापता छापावे.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. १७ वर्षे सेवा झाली आणि ३७ व्या वर्षी घरी आलो. सैन्यात हे वय निवृत्तीचे असले तरी घरात तेव्हा मुलगी दुसरीत आणि मुलगा पाळण्यात होता. लडाखच्या थंडीत टाकीतले डिझेल गोठते. तिथे पहाटे चारला उठून लष्कराचे स्टॅलियन ट्रक सुरू करून देणे हे माझे काम होते. एवढे काम हातात असताना कोकणात नोकरी मिळणार नाही, असे मनातही आले नव्हते.

एका सरकारी खात्याच्या कार्यशाळेत यांत्रिकाच्या जागा निघाल्या. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव असतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. मी डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करी सेवेची नोंद असलेले पुस्तक, घेऊन गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी ते उलटसुलट चाळले, ट्रेडच्या, म्हणजे लष्करात केलेल्या कामाच्या, ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही गाडी चालवत होता?" मी म्हटले, "साहेब, दुरुस्त करत होतो." ते म्हणाले, "मग आयटीआयचे सर्टिफिकेट आणा."

आयटीआयमध्ये गेलो. तिथे सांगितले की प्रवेश ऑगस्टमध्ये होतील, कोर्स दोन वर्षांचा आहे आणि लष्कराच्या ट्रेडचे आम्हाला काही माहीत नाही. ज्या कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवले होते तिथे गेलो. लष्करातला ट्रेड नागरी ट्रेडच्या समकक्ष धरता येतो, हे तिथल्या एका भल्या माणसाने सांगितले. पण तसे पत्र पुण्याहून आणावे लागेल, असेही तो म्हणाला. मे महिना होता. मुंबईकरांनी भरलेल्या एसटीत उभा राहून पुणे गाठले आणि अर्ज देऊन आलो. पत्र पोस्टाने आले ते भरतीची मुदत संपून अकरा दिवस झाल्यावर.

पुढे निवड यादी लागली, ती मी स्वतः नोटीस बोर्डावर पाहिली. माजी सैनिकांच्या रकान्यासमोर टाइप केलेले होते, 'उमेदवार उपलब्ध नाही'. जागा त्याच सामाजिक प्रवर्गातल्या, माजी सैनिक नसलेल्या उमेदवाराला गेली. हे समांतर आरक्षणाच्या नियमाला धरूनच झाले आणि ज्या मुलाला जागा मिळाली त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण संपादक महोदय, मी उपलब्ध होतो. त्या बोर्डासमोर उभा होतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश आणि ओळखपत्र होते.

त्यानंतर मला प्रशिक्षणाचे बोलावणे आले. ते होते सुरक्षा रक्षकाचे! सोबतच्या बावीस जणांत एक सिग्नलचा, दोन नौदलाच्या इंजिनरूममधले आणि एक मिलिटरी हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचे काम केलेला. सगळ्यांना एकच कोर्स. गेटवर उभे कसे राहायचे ते आम्हाला शिकवत होते.

मग मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर बारा बारा तास काढले. एकदा पावसात एक टँकर गेटमध्येच बंद पडला. डिझेलच्या लाइनने एअर पकडली होती, आवाजावरूनच कळले. ड्रायव्हर शहरातल्या मिस्त्रीला फोन लावत बसला होता. मी बॉनेट उघडायला लावले, फिल्टरचा बोल्ट सैल केला आणि हँडपंप मारत राहिलो. बुडबुडे संपून सलग डिझेल आले तसा बोल्ट आवळला. दहा मिनिटांत गाडी सुरू. संध्याकाळी गेट सोडले म्हणून सुपरवायझरने माझा अर्धा दिवस कापला. पैसे किती गेले ते आता आठवत नाही, पण हाताला लागलेला डिझेलचा वास घरी येईपर्यंत होता आणि कितीतरी महिन्यांनी मला बरे वाटले होते.

कालच्या बातमीत ज्या सांगडीची भाषा आहे ती कोण घालणार? निवृत्तीआधीचे प्रशिक्षण दिल्लीचे पुनर्वसन महासंचालनालय देते, ते संरक्षण मंत्रालयाचे. जिल्ह्यातले सैनिक कल्याण कार्यालय राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाखाली. आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे. भरती ज्या त्या खात्याची. दरवेळी तीच कागदपत्रे, त्याच झेरॉक्स आणि या टेबलावरचे त्या टेबलाला माहीत नाही. दहावी पास आणि १५ वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला केंद्राच्या गट क च्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात, हा जुना नियम आहे. अर्ज घेणाऱ्यालाच तो माहीत नसेल तर उपयोग काय? माझी मागणी एवढीच आहे की आधी कोणीतरी डिस्चार्ज बुक वाचावे, माणसाला काय येते ते बघावे आणि मग कोर्स द्यावा. समकक्षतेचे पत्र जिल्ह्यातच मिळावे, तेही सैनिक घरी येण्याआधी.

कोकणात हाताला काम नाही असेही नाही. हर्णैला, मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिने बंद पडली की मिस्त्रीची वाट बघत ऐन हंगामात बोटी नांगरून राहतात. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीच्या बोटी आल्या. आणि पंधरा पंधरा वर्षे युद्धनौकेच्या इंजिनरूममध्ये घालवलेला आमच्या शेजारच्या वाडीतला माणूस ठाण्याच्या एका सोसायटीत वॉचमन आहे. गणपतीला चार दिवस येतो. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन दापोलीच्या कँपात आले आणि नोकरीसाठी पुढे साताऱ्याला गेले, त्याला सव्वाशे वर्षे उलटली. कोकणातला सैनिक अजूनही घरी येतो आणि पुन्हा बॅग भरतो.

आता अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीच सैन्यात घेतलेली मुले. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. योजनेप्रमाणे चारांतला फार तर एकच सैन्यात कायम होईल. बाकीची मुले तेवीस चोवीस वर्षांची, हातात सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, सुमारे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मग ज्या खिडक्यांवर आम्ही फिरलो, त्यांतली एक तरी त्यांच्यासाठी उघडी असेल का? याबद्दल आपल्या बातमीत एक ओळ नाही.

जाता जाता एक तक्रार आपल्या वृत्तपत्राबद्दलही आहे. भरतीच्या जाहिराती पुणे आवृत्तीत आधी येतात आणि आमच्या आवृत्तीत मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. मी दोनदा फोन केला, 'पाहतो' म्हणाले. मेळाव्याचा फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे छापून येतो. पुढच्या वेळी फोटो एक कॉलम लहान करून खाली पदांची नावे, शेवटची तारीख आणि कागदपत्रांची यादी द्या.

आमच्या वाडीतला एक मुलगा पहिल्या तुकडीतला आहे. परवा त्याचा फोन आला होता. "काका, आल्यावर नाव नोंदवायला पहिल्यांदा कुठे जायचे?" मी त्याला विचारून सांगतो म्हटले आहे. आपला बातमीदार त्या मेळाव्याला हजर होता. त्याने हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांना विचारावा आणि उत्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार, कोकण