आमच्या पाड्यावरील अंगणवाडी सेविकाताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय सेविकाताई,

सप्रेम नमस्कार.

यंदा तुमच्या अंगणवाडीतून आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला आलेली मुले पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलू लागली. या पत्राला एवढेच निमित्त आहे. डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर पहिलीचा वर्ग ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. घरी वारली बोली बोलणारे सहा वर्षांचे मूल शाळेत येते, बाईंची पुस्तकी मराठी त्याच्या कानावर पडते, आणि पाड्यावर दिवसभर बडबडणारे तेच मूल वर्गात महिनोनमहिने मान हलवण्यापलीकडे उत्तर देत नाही. मग कोणी त्याला बुजरे म्हणते, कोणी मंद. तुमच्या हाताखालून आलेली मुले मात्र प्रश्न विचारतात, एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात, आणि ओढ्यात पकडलेल्या खेकड्याची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतात. यामागे तुमची किती मेहनत आहे, हे अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मी पाहिले आहे. ते चारचौघांना कळावे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

तुमच्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तुमचे थांबणे. मुलाला काही विचारले की तुम्ही त्याच्याकडे पाहत शांत बसता, शब्द सापडेपर्यंत त्याला अवधी देता, आणि उत्तर त्याच्या तोंडात घालण्याचा मोह टाळता. तीन वर्षांचे पोर ‘गाय पाणी’ एवढेच म्हणाले, तर ‘नीट बोल’ असे न सांगता तुम्ही म्हणता, ‘हो, गाय ओढ्यावर पाणी पिते आहे. तिचे वासरू कुठे गेले?’ मुलाच्या मनात जो विषय त्या क्षणी आहे, त्याच विषयावरचे त्याचे अर्धे वाक्य त्याला पूर्ण होऊन ऐकू येते, आणि वाक्याची घडण ते तिथेच उचलते. उच्चारांचेही तसेच. ‘र’ आणि ‘ळ’ बहुतेक मुलांच्या जिभेवर उशिरा बसतात. ‘घल’ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत नाही. उत्तर देताना स्वतः ‘घर’ हा शब्द स्वच्छ उच्चारता आणि गोष्ट पुढे नेता. चुकलेल्या उच्चाराला हसणारे मोठे मूल तुमच्या एका नजरेने गप्प बसते. बोलताना आपले हसे होणार नाही ही खात्री वाटल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोलीच्या बाबतीत तुम्ही जे केले, त्याचे ऋण तर आमच्या शाळेवर कायमचे राहील. नागली, वाल, मोहाची फुले, कारवीच्या काड्या अशा घरातल्या आणि रानातल्या वस्तू तुम्ही मुलांसमोर मांडता, त्यांची नावे आधी मुलांच्याच तोंडून त्यांच्या बोलीत येऊ देता, आणि मग शेजारी मराठी शब्द ठेवता. दोन्ही शब्द मुलाजवळ राहतात. एकाने दुसऱ्याला हुसकावलेले नसते. वस्तू वेगळ्या करताना ‘ही का इकडे ठेवलीस?’ असे तुम्ही विचारता, तेव्हा मुलाला एका शब्दात सुटका मिळत नाही. त्याला कारण सांगावे लागते, आणि कारण सांगण्यासाठी लांब वाक्य रचावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि अंगणवाडीची तीन वर्षे व पहिली-दुसरी यांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तुम्ही हे आधीपासूनच करत होता.

आपल्या भागाला या कामाची जुनी परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची रीत. तुम्ही सकाळी पाड्यावरून फिरून एकेका मुलाला हाताला धरून आणता आणि वाटेत दिसेल त्या गोष्टीविषयी त्याच्याशी बोलत येता, तेव्हा त्या दोघींचेच काम पुढे चालू असल्यासारखे मला वाटते.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर आईबाप दिवसभर राबतात, तान्ह्या मुलाजवळ जेमतेम मोठे भावंड बसलेले असते, आणि मोठ्या माणसाचे बोलणे त्या मुलाच्या वाट्याला फार थोडे येते. निघण्यापूर्वी तुम्ही प्रत्येक आईला गाठून समजावता की भाकरी थापताना, आंघोळ घालताना, झोपवताना बाळाशी बोलत राहा, त्याने आवाज काढला की त्याला उत्तर द्या, आणि रडू नये म्हणून हातात मोबाइल देऊ नका, कारण मोबाइल बोलतो पण बाळाचे ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही एक वर्षाखालील बाळाला मोबाइल-टीव्हीचा पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. थकलेल्या आईला दोष न देता हे सांगणे अवघड असते, आणि तुम्हाला ते साधते.

आता त्या मुलीविषयी. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. चार वर्षे झाली तरी ती दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हती. घरचे वेखंड उगाळून चाटवत होते, उशिरा बोलेल म्हणून धीर धरत होते, आणि वाहणाऱ्या कानात कोमट तेल घालत होते. ती गाण्याच्या वेळी इतरांचे हात पाहून मग हात हलवते आणि पाठीमागून हाक मारल्यास वळत नाही, हे तुम्ही हेरले. सतत वाहणाऱ्या कानाने ऐकू कमी येते, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते. तुम्ही तिची गोष्ट पथकातील डॉक्टरांपुढे नेमकी मांडली, तेल बंद करायला लावले, आणि रोजंदारी बुडेल म्हणून कचरणाऱ्या आईसोबत स्वतः रुग्णालयात गेलात. उपचारांनी कान कोरडे झाले. त्यानंतर मात्र तुम्ही तिला जवळ बसवून, चेहरा तिच्यासमोर धरून, रोज थोडे थोडे बोलते केले. आज ती माझ्या वर्गात आहे आणि परिपाठात आपले नाव व पाड्याचे नाव मोठ्याने सांगते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी दिसली नाही, तर वाट न पाहता आधी कान तपासून घ्यावेत, हे आता पाड्यावरच्या आयाच एकमेकींना सांगू लागल्या आहेत.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूर्वप्राथमिक शिक्षण तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. तरीही अंगणवाडी म्हटले की लोकांना आहार, वजन आणि लसीकरण एवढेच आठवते. ती कामे मोठीच आहेत, आणि त्यांच्या नोंदी तुम्ही मोबाइलवर भरता त्याही मी पाहते. एवढ्या सगळ्यातून, तुटपुंज्या मानधनावर, मुलांशी निवांत बोलायला तुम्ही वेळ काढता, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. खिचडी वाढताना मुलांच्या गप्पांना साथ देणाऱ्या मदतनीस मावशींनाही माझे धन्यवाद कळवा.

एक विनंती आहे. तुम्ही वहीत उतरवलेली बडबडगीते आणि बोलीतले शब्द मला पहिलीच्या वर्गासाठी हवे आहेत. पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांसोबत पहिले काही दिवस आमच्या वर्गात येऊन बसाल, तर फार उपकार होतील. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. तुमच्या पर्यवेक्षिकांना त्यांचे पत्र लवकरच येईल.

आपली कृतज्ञ,
पहिलीची वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, तालुका डहाणू, जिल्हा पालघर