एलाने विसरलेले शब्द

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डवरचा लेख वाचला. १९३४ साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात नाचायला म्हणून गेलेली सतरा वर्षांची पोर ऐन वेळी गायली, हा किस्सा त्यात आहे. पुरस्कारांची यादीही भरगच्च. मैफलींना मात्र जेमतेम दोन ओळी! एला खरी भेटते ती तिथेच.

१३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल. एलाने 'मॅक द नाइफ' घेतलं; शब्द आठवले म्हणजे मिळवली, असं आधीच सांगून टाकलं. सुरुवातीची कडवी नीट गेली आणि पुढे शब्द खरंच हरवले. बाई थांबल्या नाहीत. 'आता पुढचं कडवं कुठलं?' हा प्रश्नच चालीत बसवून गायल्या. हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं त्यात ओवली, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली, आपण गाण्याची पार वाट लावतोय हेही गाऊनच कबूल केलं. लय तसूभर ढळली नाही. ती चूक तशीच ठेवून तबकडी निघाली आणि तिला ग्रॅमी मिळालं.

गाणं मूळचं बर्लिनचंच, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८च्या नाटकातलं. (पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच नाटकावरून.) म्हणजे ज्या गावचं गाणं, त्याच गावात जाऊन शब्द विसरायचे!

त्याच मैफलीतलं 'हाउ हाय द मून' जरूर ऐकावं. शब्द बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांवरचं हे गाणं, जॅझवाले त्याला स्कॅट म्हणतात. तराणा ऐकलेल्या कानाला ते अवघड जात नाही. फक्त इथे अक्षरंही त्या क्षणी सुचलेली, आणि मधूनच भलत्याच गाण्यांचे तुकडे डोकावून जातात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका कार्यक्रमात मागे वाजणारा ट्रॅक अडकला. गाणंही तिथेच थांबलं आणि निवेदक विनोद सांगत राहिले. तिकीट हजाराचं होतं. घरी येऊन मी बर्लिनची मैफल लावली.

लेखाचा दुसरा भाग येणार असेल, तर तो या मैफलीपासून सुरू व्हावा, ही विनंती.

आपला एक नियमित वाचक,
ठाणे