वागाडूगूचा घोडा

प्रिय मित्रा,

आफ्रिकी सिनेमाचा विषय निघाला की मी एवढा भरभरून का बोलतो, असं तू विचारलंस. कारण फेस्पॅको. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडूगूत भरणारा हा आफ्रिकी चित्रपट महोत्सव १९६९ साली साध्या चित्रपट सप्ताहानं सुरू झाला. बुर्किना फासोचं नाव तेव्हा अप्पर व्होल्टा होतं. पहिल्या आयोजन समितीचं अध्यक्षपद अलिमाता सालेम्बेरे या बाईंकडे होतं, आणि सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन सुरुवातीपासून पाठीशी उभे होते.

त्याआधीचं चित्र आठव. फ्रेंच वसाहतींत १९३४च्या फर्मानानं चित्रीकरणाला सरकारी परवानगी सक्तीची केली होती. आपल्याच मातीत कॅमेरा लावायची आफ्रिकी माणसाला चोरी! स्वातंत्र्य आलं, पण थिएटरांचा धंदा परक्या कंपन्यांच्याच मुठीत राहिला. पडद्यावर सगळं बाहेरचं. मग १९७० मध्ये अप्पर व्होल्टानं थिएटरं सरकारी मालकीची केली. कंपन्यांनी चित्रपट पुरवणं थांबवलं, तरी एवढासा गरीब देश मागे हटला नाही. मला या महोत्सवाचा खरा पाया इथेच दिसतो. परदेशी समीक्षकांची शाबासकी नंतरची गोष्ट. आधी आपल्या लोकांना आपला सिनेमा आपल्या थिएटरात बघता आला पाहिजे, हा तो हट्ट होता.

१९७२ पासून मोठा पुरस्कार देऊ लागले. पहिला मान नायजरचे दिग्दर्शक उमारू गांदा यांना मिळाला. पुरस्कार म्हणजे येनेंगा, तिथल्या मोसी लोकांच्या दंतकथेतली लढवय्यी राजकन्या, घोड्यावर स्वार, हातात भाला. सोनेरी बाहुल्या देणारे पुष्कळ आहेत. आपल्या आद्यमातेलाच बक्षीस करणारे मला तरी दुसरे माहीत नाहीत. शहरात सिनेमावाल्यांच्या नावाचा चौक आहे, त्यातलं स्मारकही फिल्मच्या रिळांच्या आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आकारांचं. पुढे राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारांच्या राजवटीत महोत्सवाला भक्कम सरकारी बळ मिळालं.

मालीचे दिग्दर्शक सुलेमान सिसे यांनी १९७९ आणि १९८३ मध्ये, असा दोनदा हा घोडा जिंकला. २०२५ला ते ज्युरीचे अध्यक्ष होणार होते, पण महोत्सव सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी गेले. बातमी वाचून फार वाईट वाटलं.

तू सुरुवात सेम्बेनच्या ‘बोरोम सारेत’पासून कर. १९६३चा, डकारच्या एका गाडीवानाच्या दिवसाचा, जेमतेम वीस मिनिटांचा. बघून झाला की लगेच लिही. पुढचा कुठला, ते मी कळवतो.

तुझाच,
जुना दोस्त