नामदार व्हायच्या आधी जरा ऐक

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज परवा पाहिला, रिप्लाय टाइप करायला घेतला तर तो एवढा लांबत चालला की म्हटलं जाऊ दे, सरळ पत्रच लिहू. विधान परिषदेला शिक्षक मतदारसंघातनं उभा राहा म्हणून लोक मागे लागलेत आणि तू विचारतोयस, मास्तरड्याचं तिथं काय काम, होणार तर काहीच नाही?

काल गुडलक कॅफेत चहा पीत बसलो होतो. समोरच्या रस्त्याला आपण जन्मभर एफसी रोड म्हणतोय, पण कागदावर तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, पत्ता सांगताना ते नाव कुणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. नामदार म्हणजे कौन्सिलचा मेंबर. तुला आत्ता व्हायला सांगतायत तेच साधारण, फक्त त्यांचं कौन्सिल कलकत्त्याला आणि समोर खुर्चीत व्हाइसरॉय.

आणि हा माणूस मूळचा आपल्याच जातकुळीतला, मास्तर. गुहागरकडच्या कोतळूकचा, जन्म 1866 चा. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने नोकरी धरली आणि पंधरा रुपये पगारातले आठ धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले, हा हिशोब वाचला की माझ्या पोटात कसंतरी होतं. 1884 ला बीए, मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज, पगार महिना 75 रुपये. इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही, म्हणजे आपल्याकडे ऑफ तासाला कुणालाही कुठल्याही वर्गावर पाठवतात तसंच जवळजवळ. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक कित्येक वर्षं शाळाशाळांतून चालत होतं. (लहानपणीची ती प्रामाणिकपणाची गोष्ट सांगत नाही, परिपाठात इतक्यांदा ऐकलीये की आता कंटाळा येतो.)

मला जास्त लागतं ते 1897 चं प्रकरण. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले, इकडे पुण्यात प्लेग, घराघरांत तपासणीला गोरे सोल्जर. पुण्याहून पत्रं गेली की हे सोल्जर बायकांशी वाईट वागतात, गोखल्यांनी ते तिकडच्या पेपरात सांगून टाकलं. परत आले तर सरकार म्हणतंय पुरावा द्या, आणि पत्रं लिहिणारे एकेक करून मागे सरलेले. शेवटी जाहीर माफी मागावी लागली. वय एकतीस. पुण्यात काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते तुला मी सांगायला नको, आपलं गाव टोमण्यात कधी कमी पडलेलं नाही. तरी 1899 ला मुंबई कौन्सिलात गेले आणि मग थेट व्हाइसरॉयच्या.

1902 चं त्यांचं पहिलं बजेटवरचं भाषण. सरकार शिल्लक दाखवून मिरवतंय आणि हे उठून सांगतायत की ही शिल्लक सुबत्तेची नाहीच, रुपयाचा भाव 13 पेन्सांच्या आसपास होता तो तुम्ही ओढून 16 वर नेलात, त्यामुळे विलायतेला पाठवायचा पैसा रुपयांत कमी लागतो, पण कर मात्र जुन्या टंचाईतलेच चालू ठेवलेत. अरे हे नववीच्या पेपरातलं "पायऱ्या दाखवा" आहे! मिठाचा कर गरिबाला सगळ्यात जास्त बसतो म्हणून तो धरून बसले, पुढच्या वर्षी मणामागे अडीचचे दोन रुपये झाले. नुसतं त्यांच्यामुळेच झाले असं नाही म्हणणार मी, पण पाठ सोडली नाही हे खरं.

आणि आता तुझ्या त्या "होणार तर काहीच नाही" वाल्या वाक्यावर. मार्च 1911 ला त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, सहा ते दहा वर्षांची मुलं, सुरुवातीला फक्त मुलगे (हे मला खटकतं, त्या वेळची अडचण समजूनही खटकतं), सक्ती करायची की नाही ते नगरपालिका किंवा लोकल बोर्डाने ठरवायचं. किती जपून मांडलंय बघ, तरी 19 मार्च 1912 ला 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. आपल्यातलेच मोठमोठे लोक विरोधात होते, शेतात आणि घरकामाला पोरं कुठून आणायची म्हणून. आणि पडणार हे त्यांना आधीच माहीत होतं, भाषणात तसं बोललेत, तक्रार नाही काही नाही. 1915 ला ते गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी तसला कायदा 1918 ला करून घेतला, आणि अख्ख्या देशाला शिक्षण हक्क कायदा मिळायला 2009 उजाडलं.

म्हणून म्हणतो, हार घालून घ्यायला उभा राहणार असशील तर नको राहूस, मी मत पण देणार नाही तुला. पण विनाअनुदानित शाळांतल्या मास्तर पोरांच्या पगाराचे आकडे शाळावार मांडून ठेवलेली तुझी ती निळी वही, जी स्टाफरूममध्ये सगळे हसण्यावारी नेतात, ती बाहेर काढणार असशील तर राहा. पडलास तरी राहा.

पुढच्या रविवारी ये, वहिनींना पण आण. वही विसरू नकोस, पायऱ्या तपासून देतो, लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
सुध्या